गल्लीतला डिस्लेक्सिया वर्ग: सोलापुरातल्या छोट्या संस्थेसाठी

डिस्लेक्सियासाठी काही करायचे ठरले की बहुतेक संस्था आधी तपासणी शिबिर घेतात. दिवसभर शंभर मुले तपासली जातात आणि संध्याकाळी पालकांच्या हातात एक कागद येतो. दुसऱ्या दिवशी मूल त्याच बाकावर, त्याच पुस्तकासमोर बसते आणि त्या कागदाचे पुढे काय करायचे हे घरात कोणालाच माहीत नसते. म्हणून शिबिर मागे ठेवा, वर्ग पुढे घ्या. पुढची दोन वर्षे, आठवड्यातून चार दिवस जितकी मुले नीट शिकवता येतील तितकीच घ्या. बारा जमत असतील तर बाराच.

डिस्लेक्सियात बुद्धी कमी नसते आणि दोष डोळ्यांतही नसतो. कानाला एकसंध वाटणाऱ्या शब्दाचे आवाज सुटे करणे आणि त्या आवाजांची अक्षरांशी चटकन सांगड घालणे, हे या मुलांना जड जाते. हे बहुधा घराण्यातून येते. त्यामुळे 'मलाही लहानपणी असंच व्हायचं' असे वडील किंवा मामा म्हणाले तर ते नोंदवून ठेवा. 'ढ', 'लक्ष नाही', 'आळशी' हे शब्द वर्गात कोणाच्याही तोंडून येऊ द्यायचे नाहीत. मुलांनी ते आधीच पुष्कळ ऐकलेले असतात.

जागा, माणसे, कागद

वर्ग मुलाला चालत येता येईल इतक्या अंतरावर हवा. विडी घरकुल, नई जिंदगी, अशोक चौक आणि जुळे सोलापूर इथली मुले एका ठिकाणी गोळा करायला गेलात तर रिक्षाभाड्यापायीच उपस्थिती ढासळते. शाळा सुटल्यावर महापालिका शाळेची खोली, समाजमंदिर किंवा वाचनालयाची मागची खोली चालते. पूर्व भागात जागा बघताना एक गोष्ट आवर्जून पाहा. भिंतीपलीकडे यंत्रमाग चालू असेल तर ती जागा घेऊ नका, भाडे नसले तरीही. 'ट' आणि 'ठ' कानाने वेगळे करणे हाच धड्याचा गाभा आहे आणि मागाच्या खडखडाटात तेच बुडते. खोली पाहायला वर्गाच्या वेळीच जा. दुपारी शांत असलेली गल्ली संध्याकाळी शांत असतेच असे नाही.

एका शिकवणाऱ्या व्यक्तीकडे एका वेळी तीन मुले, चौथे नको. दोघीजणींनी तीन-तीन मुलांच्या दोन तुकड्या घेतल्या की बारा मुले होतात. तिसरी व्यक्ती राखीव ठेवा आणि तिलाही पहिल्या दिवसापासून प्रशिक्षण द्या. निव्वळ स्वयंसेवेवर वर्ग टिकत नाही. परीक्षा येते, नोकरी लागते, लग्न ठरते आणि मधल्या वर्षात माणूस बदलतो. नवी व्यक्ती पुन्हा बाराखडीपासून सुरू करते आणि मुलाचे दोन महिने वाया जातात. थोडे का होईना, मानधन ठेवा. शिवाय प्रत्येक मुलाची पाठनोंद वही ठेवा: कोणते आवाज पक्के, कोणते अर्धवट, आज कुठे थांबलो, उद्या कशाने सुरुवात. रोज चार ओळी पुरतात.

या सगळ्यांवर पंधरवड्यातून एकदा तरी एका विशेष शिक्षकाची नजर हवी. ही व्यक्ती भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेली असावी. नोंदणी क्रमांक मागून घ्या आणि परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळा. निदान करण्याचा अधिकार तुमच्या स्वयंसेवकांना नाही, विशेष शिक्षकालाही एकट्याने नाही. 'तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया आहे' असे वर्गात कोणीही पालकांना सांगू नये. 'वाचनात अडचण दिसते, तपासून घेऊ' इतकेच सांगावे.

नोंदणीसाठी अडून राहू नका. शिक्षण हे उद्दिष्ट असलेले एखादे जुने मंडळ किंवा वाचनालय महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली नोंदलेले असेल, तर त्याचा उपक्रम म्हणून वर्ग सुरू करता येतो. स्वतंत्र संस्था काढायची असेल तर किमान सात सभासद, घटना आणि धर्मादाय कार्यालयात नोंदणी, हा रुळलेला मार्ग. देणगीदारांना करसवलत हवी असते, तेव्हा '८०जी' नावाने ओळखल्या जाणाऱ्या आयकर मान्यतेचा अर्ज वेळेवर करा. हिशेबाचे लेखापरीक्षण दरवर्षी करून धर्मादाय कार्यालयात सादर करा.

मुलांच्या सुरक्षिततेचे नियम लेखी असू द्या. खोलीत कायम दोन प्रौढ, दार उघडे, प्रत्येकाची पोलिस पडताळणी, पालकांची सही असलेले संमतिपत्र. अहवालासाठी फोटो लागलाच तर मुलांचे हात आणि अक्षरपट्ट्या यांचा काढा, चेहऱ्यांचा नको. 'डिस्लेक्सियाग्रस्त विद्यार्थी' या ओळीखाली छापलेला चेहरा त्या मुलाला गल्लीत वर्षानुवर्षे पुरतो.

मुले कशी निवडावीत

जूनमध्ये निवड करू नका. सुट्टीनंतर बरीच मुले विसरलेली असतात. ऑगस्टच्या अखेरीस दुसरी ते पाचवीच्या वर्गशिक्षकांना भेटा आणि एकच प्रश्न विचारा: तोंडी छान सांगते, पण वाचायला दिले की अडते, असे मूल कोणते? बाईंना आणि सरांना अशी नावे माहीत असतात. मुलांमधल्या अडचणींची प्राथमिक चाचपणी करणारे एनसीईआरटीचे 'प्रशस्त' हे मोबाइल ॲप शिक्षकांसाठीच आहे, शाळेला ते वापरायला सुचवा.

मग प्रत्येक मुलाबरोबर वीस मिनिटे एकटे बसा. पाठ्यपुस्तकातला, पण एक इयत्ता खालचा आणि वर्गात न झालेला उतारा एक मिनिट वाचायला द्या. न झालेला अशासाठी की अनेक मुले धडा ऐकून पाठ करतात आणि बोट फिरवत घडाघडा 'वाचतात'. नंतर अर्थ नसलेले दहा शब्द द्या: टिमोक, गर्वट, झुपेन अशासारखे. इथे अंदाज चालत नाही, त्यामुळे अक्षर आणि आवाज यांची खरी सांगड कळते. मग दहा शब्दांचे श्रुतलेखन घ्या. किती चुका यापेक्षा कोणत्या चुका हे लिहून ठेवा. म-भ, घ-ध, ब-व, थ-य, प-ष अशी सारख्या दिसणाऱ्या अक्षरांची अदलाबदल, मात्रा गळणे, 'प्रकाश'चे 'परकाश', 'सूर्य'चे 'सुरय', फळ्यावरून उतरवताना ओळ सुटणे. आकड्यांकडेही पाहा. मराठीत 'छत्तीस' म्हणताना सहा आधी ऐकू येतो आणि मूल ६३ लिहिते. दुसरीपर्यंत हे पुष्कळांचे होते. चौथीतही टिकून असेल तर नोंद घ्या आणि 'तीस सहा' असे म्हणत लिहायला शिकवा.

सोलापुरात इथे फार सांभाळून चालावे लागते. मूल घरी तेलुगू किंवा कन्नड बोलते आणि शिकते मराठी किंवा इंग्रजी माध्यमात. तेलुगू घरातल्या मुलाने 'खाणे'चे 'काणे' केले, तर तो बहुधा घरच्या बोलीचा परिणाम असतो. म्हणून मूल ज्या भाषेत भांडते त्या भाषेत आधी दहा मिनिटे गप्पा मारा. शब्दाचे तुकडे पाडणे आणि पहिला आवाज ओळखणे हे खेळ त्याच भाषेत घ्या. स्वतःच्या भाषेतही ते जमत नसेल तर अडचण खरी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली 'डाली' ही चाचणी मराठी, कन्नड, हिंदी आणि इंग्रजीत आहे. मराठी किंवा कन्नड माध्यमातल्या पाचवीपर्यंतच्या मुलांसाठी मानसतज्ज्ञाला ती वापरायला सांगा. हिंदीत तपासून तेलुगू मुलाबद्दल निष्कर्ष काढू नये.

वर्ग सुरू होण्याआधी कान आणि डोळे तपासून घ्या. कान वाहणारे, सतत सर्दी असणारे मूल आवाजांत गोंधळते, आणि त्याला आधी वर्ग नव्हे, औषध हवे असते.

पंचेचाळीस मिनिटांचा धडा

पहिली पाच मिनिटे फक्त कानाची. वही-पुस्तक नाही. 'पाटी'मधला 'पा' काढ, काय उरले? 'कमळ'मध्ये शेवटी काय ऐकू येते? पुढची दहा मिनिटे जुन्या पत्त्यांची उजळणी. जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे तीन बाय चार इंचांचे पत्ते कापा, एका पत्त्यावर एकच अक्षर, मागे काहीही नको. नंतर दहा मिनिटे एक नवा आवाज, एकच. ताटात रव्याचा पातळ थर पसरून बोटाने अक्षर काढायचे आणि काढताना आवाज तोंडाने म्हणायचा. न म्हणता गिरवले तर ती नुसती चित्रकला होते. मग दहा मिनिटे वाचन, त्यात आजवर शिकवलेल्या अक्षरांचेच शब्द. पाच मिनिटे लेखन, जास्तीत जास्त सहा शब्द. शेवटची पाच मिनिटे तुम्ही वाचून दाखवा, मुलाच्या इयत्तेच्या पुस्तकातले. हे टाळू नका. वाचता येत नाही म्हणून त्याचे शब्दभांडार आणि माहिती मागे पडू लागली तर पुढे ती दरी भरणे अवघड जाते.

अक्षरांचा क्रम क-ख-ग-घ असा घेऊ नका. वारंवार येणारी आणि दिसायला वेगळी अक्षरे आधी: म, क, र, त, न, ल, स. लगेच काना जोडा, म्हणजे पहिल्याच आठवड्यात 'मला', 'काका', 'नाक', 'माकड'मधला 'मा' वाचता येतो आणि मुलाला हुरूप येतो. सारख्या दिसणाऱ्या जोड्या कधीही एकत्र शिकवायच्या नाहीत. 'म' पूर्ण पक्का झाल्यावर, काही आठवड्यांनी 'भ'. फरक दाखवण्यासाठी दोन्ही शेजारी मांडले की गोंधळ पक्का होतो. स्वयंसेवकांकडून सर्रास होणारी चूक ती हीच.

मात्रांमध्ये काना, मग 'े', दीर्घ 'ी', 'ो', 'ू', आणि त्यानंतर ऱ्हस्व वेलांटी. कारण दीर्घ 'ी' जशी ऐकू येते तशीच अक्षरानंतर लिहिली जाते, ऱ्हस्व 'ि' मात्र अक्षराच्या आधी लिहिली जाते आणि नंतर ऐकू येते. इथे मुले हमखास अडतात, 'किती'चे 'इकती' वाचतात किंवा वेलांटी सोडून 'कती' म्हणतात. उपाय असा. पत्ता दाखवू नका, आधी 'कि' म्हणा आणि विचारा, ओठ-जीभ आधी कशाला हलली? 'क्'ला. मग 'क'चा पत्ता ठेवा. प्लास्टिकच्या पारदर्शक फाईलचा तुकडा कापून त्यावर मार्करने फक्त वेलांटी काढलेली असावी. तो तुकडा मुलाने स्वतः डावीकडून सरकवत 'क'वर आणायचा आणि बोट 'क'वर टेकवूनच 'कि' म्हणायचे. तोच तुकडा म, र, त यांवर सरकवा. चार दिवस फक्त हेच: कि, मि, रि, ति. नंतर का-कि, मा-मि अशा जोड्या, मग 'किती', 'मिरी', 'तिकीट'. त्या आठवड्यात उकार काढायचा नाही.

जोडाक्षरे वर्षभरानंतर. आधी द्वित्त (अम्मा, पत्ता, रस्सा), मग उभ्या दांड्याची अक्षरे (स्त, प्त, ल्क), आणि 'र'चे प्रकार सर्वांत शेवटी. रफारासाठी टाळी वापरा: धर् । म, दोन टाळ्या. पहिल्या टाळीच्या शेवटी 'र' अडकलेला ऐकू येतो, लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. बोलण्यात 'धरम', 'परकाश' असे म्हणणाऱ्या घरातल्या मुलाला आधी उच्चार सावकाश ऐकवा, लेखन नंतर. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांतला फरक पाचवी-सहावीशिवाय काढूच नका.

वेगवेगळ्या तीन दिवशी दहापैकी नऊ वेळा न अडखळता आले तरच आवाज पक्का धरा. एका दिवशी दहापैकी दहा आले म्हणून पुढे पळू नका, सोमवारी ते गेलेले असते. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायला लावू नका. मूल पाचव्या वेळेपासून चुकीचेच उतरवते आणि हात चुकीचे शिकतो. दर सहा आठवड्यांनी सुरुवातीची एक मिनिटाची चाचणी पुन्हा घ्या. तीन महिन्यांत काहीच हलले नाही तर आधी हजेरी पाहा. आठवड्यात तीनपेक्षा कमी दिवस येणाऱ्या मुलाकडून पुढे जाण्याची अपेक्षा धरता येत नाही. हजेरी ठीक असेल तर सुरुवात फार वरून झाली आहे का, ऐकण्यात दोष आहे का, लक्ष टिकण्याची वेगळी अडचण आहे का, हे विशेष शिक्षकाला दाखवा.

गड्ड्याच्या यात्रेच्या आठवड्यात आणि दिवाळीनंतरच्या पहिल्या आठवड्यात नवा आवाज घेऊ नका, फक्त उजळणी. एप्रिल-मे महिन्यांत वर्ग सकाळी साडेसातला. सोलापूरच्या उन्हात दुपारचा वर्ग म्हणजे निम्मी मुले घरी.

स्वतः वाचनपत्रे छापत असाल तर टंक १६ ते १८, दोन ओळींत दीडपट जागा, उजवी कड सरळ न करता मोकळी, कागद पिवळसर आणि न चकाकणारा. इंग्रजीत अक्षरांमधले अंतर वाढवतात, देवनागरीत तसे केले तर शिरोरेखा तुटते आणि शब्दच विस्कटतो. त्याऐवजी दोन शब्दांमधले अंतर वाढवा. रंगीत काचा, 'स्मरणशक्तीची' औषधे, डोळे बांधून वाचायला शिकवणारे वर्ग यांवर पालक हजारो रुपये घालवतात. त्यांनी वाचन सुधारत नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगणे संस्थेचे कामच आहे.

घर आणि शाळा

विड्या वळणाऱ्या आईला दुपारी मीटिंगला बोलावून उपयोग नाही, तिची हजार विड्यांची मजुरी बुडते. ती माल देऊन आल्यावर घरी जा किंवा वडिलांना मागाच्या साप्ताहिक सुट्टीला गाठा. बोलणे साधे ठेवा: 'अक्का, पोरगं हुशार आहे. त्याला अक्षर धरायला वेळ लागतो. मारून ते येणार नाही, रोज दहा मिनिटं खेळून येईल.' आई निरक्षर असली तरी चालते. विड्या वळता वळता '"म"ने सुरू होणारं काय काय आहे घरात?' हा खेळ ती घेऊ शकते, आणि तेलुगूत किंवा कन्नडमध्येही तो तितकाच कामाचा.

शाळेशी भांडायला जाऊ नका, पण रिकाम्या हातानेही जाऊ नका. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमता हा दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांपैकी एक आहे, आणि डिस्लेक्सिया त्यातच येतो. कलम १६ नुसार ती लवकर ओळखून योग्य उपाय करणे हे शाळेचे कर्तव्य आहे. कलम १७ मध्ये जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा उल्लेख आहे. मुख्याध्यापकांना एक पानाचे पत्र द्या आणि मोजक्याच मागण्या करा: वर्गासमोर अचानक मोठ्याने वाचायला उभे करू नये, इतिहास-विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण कापू नयेत, तोंडी उत्तर ग्राह्य धरावे, फळ्यावरचे लिखाण छापील मिळावे. पत्राची पोच घ्या. समग्र शिक्षा योजनेतल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनाही प्रत द्या, शाळेत त्यांच्या शब्दाला वजन असते.

दाखला आणि दहावी

अध्ययन अक्षमतेचा दिव्यांग दाखला साधारण वयाच्या आठ वर्षांच्या आधी मिळत नाही. पण मदतीसाठी दाखल्याची वाट पाहायची नसते, वर्ग आधीच सुरू करायचा. अर्ज 'स्वावलंबन' संकेतस्थळावर करायचा, त्यातूनच दिव्यांगांचे वैश्विक ओळखपत्र (यूडीआयडी) मिळते. सिव्हिलला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, जाण्याआधी दिव्यांग प्रमाणपत्र कक्षात विचारून घ्या की अध्ययन अक्षमतेसाठी बालरोगतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक कोणत्या दिवशी असतात आणि पुढे दुसऱ्या रुग्णालयात पाठवत असतील तर कुठे. मजुरी बुडवून आलेले पालक दोन वेळा परत गेले की तिसऱ्यांदा येत नाहीत. संस्थेचा एक माणूस सोबत द्या.

फाईलमध्ये आधार, फोटो, शाळेचे पत्र, दोन वर्षांची प्रगतिपत्रके आणि मुलाच्या खऱ्या वह्या ठेवा. बऱ्याच माता लाजेने आदल्या रात्री सुंदर अक्षरात वही उतरवून घेतात. तसे करू नका, खाडाखोड आणि चुका हाच तिथे पुरावा असतो. बुद्ध्यांक चाचणी होते, म्हणून मूल झोपून, खाऊन गेलेले असावे. दाखल्यावर ४० टक्के किंवा अधिक असेल तर कायद्याने 'लक्षणीय दिव्यांगत्व' धरले जाते. दाखल्यावरची मुदत पाहा. अठराच्या आत मिळालेल्या दाखल्याची पुढे फेरतपासणी असते, ती तारीख तुमच्या वहीत लिहा.

दहावीच्या सवलतींचा प्रस्ताव शाळेमार्फत पुणे विभागीय मंडळाकडे जातो, सोलापूर त्याच विभागात आहे. नववीतच फाईल पूर्ण करा आणि दहावीत दिवाळीच्या आधी प्रस्ताव गेला की नाही हे शाळेत जाऊन पाहा. त्या वर्षाचे परिपत्रक शाळेकडून मागून घ्या, त्यातले नमुने तसेच भरायचे असतात. लेखनिक घ्यायचा तर तो खालच्या इयत्तेचा असावा आणि किमान दहा वेळा दोघांनी जोडीने सराव केलेला असावा. सांगणे हेही कौशल्य आहे. 'मुद्दा एक, नवी ओळ, पूर्णविराम' असे म्हणायची सवय नसलेले मूल पहिल्या पेपरात वीस मिनिटे हरवते. सर्वच मुलांना लेखनिक लागत नाही. ज्याचे वाचन बसले आहे पण वेग कमी आहे, त्याला जादा वेळच पुरतो, आणि स्वतः लिहिल्याचा आत्मविश्वास राहतो. राज्य मंडळ झेपतच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत विषय निवडून दहावी करता येते. हा कमीपणाचा मार्ग नव्हे, हे पालकांना आधीच पटवून द्या.

मोठ्या माणसांसाठी

मुलांच्या वर्गाच्या निमित्ताने त्यांचे वडील, मोठा भाऊ, आयटीआयला असलेली बहीण समोर येतात. त्यांना बाराखडीच्या पाटीसमोर बसवू नका. महिन्यातून दोन रविवारी दोन तास फोन घेऊन बसा. कीबोर्डवरचा माइक दाबून मराठीत बोलून लिहिणे, आलेला मजकूर फोनकडून वाचून घेणे, सरकारी पत्राचा फोटो काढून ते ऐकणे, हे तीन प्रयोग त्यांच्याच कागदांवर करा: बँकेचे पत्र, गाडीच्या परवान्याची प्रश्नावली, कारखान्याची सूचना. बोलून लिहिलेला मजकूर पाठवण्याआधी फोनकडून एकदा वाचून घ्यायची सवय लावा, कारण आकडे आणि नावे चुकतात. ज्यांना वाचन शिकायचेच आहे त्यांच्यासाठी वरचाच क्रम वापरा, पण शब्द त्यांच्या कामाचे निवडा: माग, धोटा, ताणा, पगार, सही. आणि हा वर्ग मुलांच्या वेळेत ठेवू नका. आपल्याच मुलासमोर अक्षर चुकण्याची भीती बापाला दारातून परत पाठवते.